न धुतलेले पाय

आये,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तुला कधी खरं पत्र लिहिलं नाही. लग्न होऊन रोह्याला आले तेव्हा महिन्याला एक कार्ड टाकायचे. पण ते शाळेतले गुरुजी वाचून दाखवणार आणि ओटीवर चार बायका ऐकायला बसणार हे ठाऊक असायचं, मग लिहिणार काय? आम्ही खुशाल आहोत, तुम्ही खुशाल असा. आता तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मधे वाचणारं कोणी उरलं नाही, तेव्हा म्हटलं लिहावं. दुपार आहे. हे आतल्या खोलीत पडलेत. मोठी अंगणात कपडे वाळत घालतेय, एका रुमालाला तीन-तीन चिमटे लावतेय, आणि धाकटा तिच्या मागून एकेक चिमटा काढत चाललाय. रुमाल खाली पडले की ती पुन्हा उचलते, झटकते, पुन्हा घालते. तासभर चाललंय. मी बघतेय आणि ओरडत नाहीये. मोठी म्हणजे तीच, तुझ्याजवळ आठ दिवस राहिलेली. तिने तिशी ओलांडली. धाकट्याला तू पाहिलं नाहीस, तो तू गेल्यावर आला. दोघंही आम्ही दत्तक घेतलेली, आणि दोघांनाही डाऊन सिंड्रोम. तेव्हा लोक तोंडावर ‘मंगोल’ म्हणायचे. आता म्हणत नाहीत, नुसतं बघतात.

मधे इथल्या एका शाळेने मला शाल-श्रीफळ दिलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माईकवर विचारलं, एवढा मोठा निर्णय कसा घेतलात? मी काहीतरी छान बोलले, टाळ्या पडल्या. घरी आल्यावर नारळ फोडला आणि खोबरं किसता किसता तुझी आठवण झाली, कारण कसला निर्णय नि कसलं काय, हे ठाऊक असलेली तू एकटीच होतीस. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पाळणा हलत नव्हता. एका संस्थेत नाव घातलं होतं आणि गोरंगोमटं, पाच-सहा महिन्यांचं बाळ मिळेल म्हणून आम्ही दोघं नटूनथटून गेलो होतो. बाळ काही अजून आलेलं नव्हतं. तिथल्या ताई कागद शोधायला आत गेल्या, मी चटईवर बसले, आणि खोलीच्या कोपऱ्यातून एक दोन-अडीच वर्षांची मुलगी बसल्या बसल्या सरकत सरकत आली. मान तिरपी, जीभ जराशी बाहेर, डोळे बारीक. आली ती माझ्या पावलावर गाल टेकून झोपली. नुसती पडली नाही हं, झोपली, घोरायला लागली. ताई कागद घेऊन आल्या तरी मला उठता येईना. पाय कसा काढायचा? तासभर मी तशीच बसले, पायाला मुंग्या आल्या, खिडकीतून ऊन आत आलं, तिच्या कानापर्यंत पोचलं, तिथून माझ्या साडीच्या काठावर आलं. मला त्या दुपारचं दुसरं काही आठवत नाही. हे म्हणाले, मग हिलाच नेऊ या का? आणि मी हो म्हटलं. पायाला मुंग्या आलेल्या बाईचा तो हो होता, आये.

मग पुढचे चार महिने तू दुरून ऐकतच होतीस. तिला घास गिळता यायचा नाही, तोंडात धरून बसायची. सर्दी हटायची नाही. डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं, हृदयात बारीक आवाज आहे, जपा. अंगात जोर म्हणून नाही, उचललं की भिजल्या कापडासारखी हातातून निसटायची. उभी राहणं तर दूरच, पाय जमिनीला लावला की आखडून वर घ्यायची. माझी टेलिफोन एक्स्चेंजमधली ड्यूटी, ह्यांची नागोठण्याजवळच्या कंपनीतली शिफ्ट, एक घरात शिरला की दुसरा बाहेर. शेजारची बाई रोज कुंपणावरून म्हणायची, “परक्याचं आणायचं तर निदान धडधाकट तरी आणायचं.” मी तिच्याशी भांडायचे आणि घरात येऊन तेच स्वतःशी म्हणायचे. कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांचे कॉल जोडायचे, कोणाचं बाळंतपण, कोणाचा साखरपुडा, कोणाच्या मुलाने पहिलं पाऊल टाकलं, सगळं माझ्या कानावरून जायचं. एक दिवस मी ह्यांना म्हटलं, मला नाही जमत, आपण तिला परत देऊ. कोर्टाचा हुकूम व्हायचा होता. संस्थेच्या ताईंनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, हुकूम होईपर्यंत परत आणलीत तरी कोणी दोष देणार नाही. ह्यांनी बुटाचे बंद बांधता बांधता म्हटलं, “तू म्हणशील तसं.” त्या वाक्याचा मला इतका संताप आला! नको म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

तुला सांगायला आले ती सकाळ मला वास येईल इतकी आठवते. तू चुलीपुढे बसलेली, परातीत तांदळाचं पीठ, बाजूला खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण रटरटतंय. पोर दारात गोणपाटावर ठेवलेली, चुलीच्या जाळाकडे बघतेय. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. तू वर बघितलंही नाहीस. हाताने भाकरी फिरवत होतीस, परातीत तिचा काठ सारखा होत होता. मी म्हटलं, आये, काहीतरी बोल.

“काय बोलू? तुजं तू ठरवलंस नव्हं?”

“मग? चुकलं का माझं?”

“चुकलं-बिकलं मला काय कळतंय. आट दिस माज्याकडं ठेव तिला. मंग ने कुठं न्यायची ती.”

“तू कामाला जाणार की हिला बघणार?”

“कामालाच नेन. आता मिटाच्या वाफ्यात पाय मारायचं काम हाय, समद्या बायका हायत. हात कमी पडत नायत तिला धरायला.” आणि भाकरी तव्यावर टाकून म्हणालीस, “दमलीस गो तू. जा, झोप जरा.”

तेवढं एक वाक्य मला कोणी चार महिन्यांत म्हटलं नव्हतं.

ते आठ दिवस मी काय केलं सांगू? झोपले. ड्यूटीवरून यायचे आणि साडीसकट आडवी व्हायचे. एक दिवस मैत्रिणीबरोबर सिनेमाला गेले, येताना भेळ खाल्ली. नदीवर संध्याकाळचं धुकं उतरायचं, पलीकडचा काठ पुसल्यासारखा व्हायचा, आणि मी पुलावर उभी राहून पाण्याकडे बघत बसायचे, जणू मला घर नाही, दार नाही. सुख होतं ते, खोटं कशाला बोलू. पोरीची आठवण यायला हवी होती, ती आली नाही. सातव्या दिवशी तिची पिशवी भरली. सगळे कपडे, बाटली, औषधं, टोपडं. नवव्या दिवशी तुझ्याकडून तिला घ्यायची आणि पेणहून दिवा जंक्शनच्या बाजूची गाडी धरून परस्पर संस्थेत न्यायची, असं माझं ठरलं होतं. ह्यांना म्हटलं, तुम्ही येऊ नका.

गावात शिरले तर घराला कडी. तशीच खाडीच्या बांधावर गेले. पौषातलं ऊन, दहा-साडेदहा वाजले असतील. दोन्ही बाजूंना वाफे, काहींत पाणी, काहींत नुसता काळा चिखल, आणि पाण्यात आभाळ इतकं स्वच्छ पडलेलं की बांध हवेतून गेल्यासारखा वाटत होता. लांब पांढरे बगळे उभे होते. जवळ गेले तर ते बगळे नव्हते, गवताने शाकारलेल्या गेल्या सालच्या मिठाच्या राशी होत्या, कडेकडेने उघड्या पडलेल्या. मी त्याच बांधांवर लहानाची मोठी झाले, तरी त्या दिवशी मला ओळखू आल्या नाहीत. आणि एका वाफ्यात तुम्ही सात-आठ जणी ओळीने चिखल तुडवत होतात. मीठ पिकायच्या आधी वाफ्याचा तळ असा पायांनी बडवून दगडासारखा करावा लागतो, नाहीतर पाणी मुरतं आणि मीठ काळं येतं, हे मला माहीत नव्हतं थोडंच? पण त्या ओळीत मधोमध माझी पोर होती. एक हात तुझ्या हातात, एक शेजारणीच्या. गुडघ्यापर्यंत चिखल. तुम्ही ‘हां गो हां’ करत पाय आपटत होतात आणि ती तुमच्या मागून, अर्धी लोंबकळत, एक पाय उचलत होती, टाकत होती. तोंड उघडं, हसतेय की रडतेय कळत नव्हतं.

मी काय बोलले ते तू विसरली असशील, मी नाही. बांधावरूनच ओरडले, छातीचं दुखणं असलेल्या पोरीला पौषाच्या गारठ्यात चिखलात उभी करतेस, अक्कल आहे का? तुला मजूर कमी पडले का? सगळ्या बायकांसमोर. मला पांढरपेशा बायकांसारखं बोलता यायला लागलं होतं तेव्हा, ते सगळं तुझ्यावर वापरलं. बायका थांबल्या. तू नाही थांबलीस. दोन पावलं आणखी टाकलीस, तिलाही टाकायला लावलीस, मग म्हणालीस, “हात घालून बग, चिकल ऊन हाय. आंगोळीच्या पान्यावानी.”

मी हात घातला. खरंच ऊन होता.

“पयल्या दिसाला पाय टेकवीत नव्हती,” तू म्हणालीस. “माजाच पाय पन पयल्या दिसाला रुततो. आजची जमीन नि उद्याची जमीन सारकी नसते गो. रोज तुडवायची. वाफ्यावर कोन रागावतं का, आजून मऊ कसा म्हनून?” एवढं बोलून तू तिचा हात सोडलास. शेजारणीनेही सोडला. आणि ती उभी राहिली, आये. चिखलात पाय रुतलेले म्हणून असेल, तुम्ही दोघी दोन बाजूंना होतात म्हणून असेल, दहा आकडे मोजावेत इतका वेळ माझी मुलगी कोणाला न धरता उभी राहिली, आणि मग बदकन मागे बसली. बायका हसल्या. तीही हसली. मी हसले नाही, मला राग आणि रडू एकदमच आलं होतं आणि पिशवी खांद्यावर जड झाली होती.

भाकरी खायला तुम्ही राशीच्या आडोशाला बसलात. पोर राशीशी खेळत होती. तिने मूठभर मीठ घेतलं, सरकत सरकत तुझ्याकडे आली आणि मूठ पुढे केली. मी दचकले. मीठ हातात द्यायचं नाही नि हातातून घ्यायचं नाही, भांडण होतं, हे मी तुझ्याकडूनच शिकले. आठ वर्षांची असताना शेजारच्या काकीच्या हातावर मीठ ठेवलं म्हणून तू माझ्या पाठीत धपाटा घातला होतास. तुझं अर्धं आयुष्य मिठात गेलं, पण हातातलं मीठ तू कोणाचं घेतलं नाहीस, मुकादमाचंही नाही. आता ही पोर मूठ उघडून उभी, म्हणजे बसलेली, आणि तू सरळ तळहात पुढे केलास. तिने मीठ ओतलं. तू ते भाकरीबरोबर खाल्लंस. मी म्हटलं, “आये, हातातून?” तर म्हणालीस, “हिच्याशी कोन भांडनार गो?”

तुला सांगते, तू तेवढी वाचलीस. तिने मग मलाही मूठभर दिलं, मी वेड्यासारखी घेतलं, आणि तेव्हापासून आमची दोघींची रोज भांडणं आहेत. चहात साखर किती, कोणता फ्रॉक, बाहेर जाताना दार कोणी लावायचं. ती कमरेवर हात ठेवून भांडते, शब्द थोडे आणि आवाज मोठा. परवा मला म्हणाली, “आई, तू गप. मी मोठी.” शास्त्र खोटं नाही.

त्या दिवशी निघताना तू फार घाई केलीस. “जा, जा, गाडी चुकंल,” करत तिला माझ्या कडेवर बसवलीस. पेण स्टेशनवर आले तर गाडीला चांगला पाऊण तास होता. बाकावर बसले, पोरीला मांडीवर घेतलं, तेव्हा माझं तिच्या पायांकडे लक्ष गेलं. गुडघ्यापर्यंत चिखल तसाच, वाळून पांढुरका झालेला, भेगाळलेला, बोटांच्या मधे मिठाचे कण. नखं काळी. माझ्या साडीवर, पिशवीवर, सगळीकडे डाग. आणि मला भयंकर लाज वाटली. असलं पोर कोणाच्या दारात नेऊन ठेवायचं? ताई काय म्हणतील, चार महिने या लोकांनी तिला आंघोळ घातली नाही की काय? नळावर जाऊन घासून बघितलं, खाडीच्या खाजणाचा चिखल, तो असा निघतो होय. मग मी विचार केला, आज घरी नेऊ, ऊन पाण्याने नीट धुऊ, तेल लावू, उद्या स्वच्छ करून पोचवू. आणि रोह्याच्या बाजूच्या गाडीत बसले. गाडी निडी स्टेशनात खूप वेळ थांबली, का ते कळलं नाही. उतारू झोपले होते. बाहेर कापलेली शेतं, ऊन तिरपं झालेलं, एक बाई रुळाच्या कडेने डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती आणि ती कितीतरी वेळ दिसत राहिली. पोर माझ्या मांडीवर उभी राहायला बघत होती. दोन्ही पाय दाबत होती, पुन्हा पुन्हा, तुमचं तुडवणं अजून तिच्या अंगातून गेलं नव्हतं. माझ्या मांडीवर तिच्या टाचा रुतत होत्या. मी तिची बगल धरून ठेवली होती आणि मनात काहीही नव्हतं. अजूनही मला ती गाडी स्वप्नात दिसते, कधी तू समोरच्या बाकावर बसलेली असतेस.

घरी बंब पेटवला, पाय भिजत घातले. दुसऱ्या दिवशी माझी ड्यूटी होती. तिसऱ्या दिवशी तिला ताप आला, तापात कसं न्यायचं? चौथ्या दिवशी ती दाराची चौकट धरून उभी राहिली आणि हे शिफ्टवरून आले ते डबा हातात घेऊन दारातच बसले. असं रोज काहीतरी होत गेलं. हाच माझा मोठा निर्णय. तू पंधरा दिवसांनी यायचीस, आल्या आल्या सगळ्या घरातल्या गोधड्या टबात भिजवायचीस आणि तिला घेऊन त्यात नाचायचीस. त्या वर्षी रोह्यात आमच्याइतक्या स्वच्छ गोधड्या कोणाच्या नव्हत्या. वैशाखात ती चालली, न्हाणीघरापासून तुळशीपर्यंत. अलिबागच्या कोर्टात हुकूम झाला त्या दिवशी तू नऊवारीची घडी मोडून आली होतीस आणि साहेबांनी काय लिहिलं म्हणून चार वेळा विचारलंस. पुढच्या भाद्रपदात तू तापाने गेलीस. पाच दिवसांत.

दारातली तुझी पाय धुवायची घागर आणि तेलाची वाटी आवरताना मला ते सुचलं. तुझ्या दारातून चिखलाच्या पायाने कोणी आत आलं नाही की बाहेर गेलं नाही. खारट चिखल अंगावर वाळला की टाचा फुटतात म्हणून तू परक्या मजुराचेही पाय धुवायला लावायचीस, तेल देऊन पाठवायचीस. आणि त्या एकाच दिवशी, नातीचे पाय न धुता, पाऊण तास हातात असताना, तू गाडी चुकेल म्हणून मला हाकललंस. माझ्या खांद्यावरची फुगलेली पिशवी तुला दिसली नसेल असं होणं नाही. मुद्दाम केलंस ना? मला विचारायचं होतं. घागर हातात घेऊन बसले होते, आणि विचारायला तू नव्हतीस.

धाकटा आला तो ह्यांच्या हट्टाने. कायद्याने आम्हाला दुसरी मुलगी घेता येत नव्हती, मुलगा घेता येत होता, आणि हे म्हणाले, तिच्यासारखाच एक आणू, तिला कळेल असा. ‘तू म्हणशील तसं’ म्हणणारा माणूस! त्याचे दिवस वेगळे, त्याचं कौतुक पुन्हा कधी. आज मला दुसरंच सांगायचंय.

मोठीला परत द्यायला मी एकदाच निघाले नव्हते, आये. दुसऱ्यांदाही निघाले, आणि ते कोणाला माहीत नाही. ह्यांची नोकरी संपली, माझे गुडघे गेले, तेव्हापासून देवापुढे दिवा लावताना मी रोज एकच मागायचे. हिला माझ्या आधी ने. आम्ही गेल्यावर हिला कोण बघणार, कोणाच्या दारात ही उभी राहणार? तेव्हा ने, दोघांनाही ने, मग मला ने. दहा-अकरा वर्षं मागितलं. शांतपणे, भाजी आणायला सांगावी तसं. गेल्या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ भरला, ती नऊ दिवस दवाखान्यात होती, तोंडाला प्राणवायूचा मुखवटा, ओठ निळे. तेव्हा मला समजलं की माझं ऐकलं गेलंय. मी त्या कॉटपाशी उभी राहून देवाला शिव्या दिल्या. मला म्हणायचं नव्हतं तसं, म्हटलं, मी मागितलं म्हणून तू लगेच द्यायचं होय? आठ दिवस थांब म्हणणारं कोणी नव्हतं तिथे. तू नव्हतीस.

ती उठली. घरी आल्यावर एके सकाळी माझ्याने राहवलं नाही, ती चहा गाळत होती, मी तिला सांगून टाकलं. म्हटलं, मी देवाला सांगायची, तुला माझ्या आधी ने म्हणून. माझी चूक झाली. तिने गाळणं खाली ठेवलं, खूप विचार केला. विचार करताना तिची जीभ बाहेर येते, अजून. मग माझ्यावर रागावून म्हणाली, “मी नाय जाणार. बाळाला चहा कोण देणार?” बाळ म्हणजे धाकटा, त्याला आता मिशा आहेत. तिने त्याचा कप भरला, बशीने झाकला आणि घेऊन गेली.

एवढंच होतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ह्यांनाही दाखवायचं नाही. कपडे वाळत घालून झाले वाटतं, बाहेर आवाज नाही. एक राहिलं. आज सकाळी दिवा लावला, हात जोडले, आणि सवयीने तेच मागणं सुरू झालं. अर्धं मागून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि उरलेलं अर्धं न मागताच मी चहा प्यायला उठले.